शिळं तापमान

नव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी जालन्यात एका छोट्या कारखान्यात नोकरीला होतो. बियाण्यांच्या प्लँटना लागणारी कंट्रोल पॅनल आम्ही बनवायचो. त्यातलं एक वडीगोद्रीजवळ, हायवेला लागून असलेल्या प्लँटमध्ये बसवलेलं होतं. तिथं मक्याची ओली कणसं मोठ्या बंद खोल्यांत गरम हवेनं वाळवत. त्या खोल्यांना सगळे बिन म्हणत. हवा प्रमाणाबाहेर तापली की दाणा दिसायला तसाच राहतो, पण पेरला तर उगवत नाही. म्हणून आमचं पॅनल दर अर्ध्या मिनिटाला तापमान मोजायचं आणि त्याप्रमाणे बर्नर चालू-बंद करायचं.

पॅनलच्या आत साधा पीसी होता. कणसांच्या भुशानं त्याचा पंखा गच्च भरायचा आणि एका सीझनमध्ये तीन पीसी गेले. आमच्या मालकांनी मग बिनपंख्याचं एक छोटं बोर्ड मागवलं. त्यावरचा प्रोसेसर निराळ्याच जातीचा होता.

"कोड तोच आहे," ते मला म्हणाले. "फक्त प्रोसेसर वेगळा. महिन्यात करून टाका."

त्या 'फक्त'नं माझे दोन महिने खाल्ले. ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड उघडा होता, पण तिचा गाभा, म्हणजे कर्नल, बहुतेकांनी पीसीवरच तपासलेला. नव्या प्रोसेसरवर तो उभा करताना रोज काहीतरी अडायचं. शेवटी एकदाचं बोर्ड चालू झालं, जालन्यात टेबलावर आठ दिवस बिनतक्रार चाललं, आणि मार्चमध्ये मी ते प्लँटवर बसवून आलो.

चौथ्या दिवशी मॅनेजरांचा फोन आला. "तीन नंबरचा बिन भट्टीसारखा तापलाय. तुमचं पॅनल म्हणतंय, सगळं थंड आहे."

मी पहिल्या एसटीनं गेलो. ड्रायर सांभाळणारे चाचा साठीला आलेले, वडीगोद्रीचेच. पॅनल नव्हतं तेव्हापासून ते हाताच्या थर्मामीटरवर बिन चालवत आले होते. मी पॅनलचं झाकण उघडत होतो तोवर ते शेजारी येऊन उभे राहिले.

"साब, तुमची मशीन खोटं बोलत न्हाई. मागचं बोलून राह्यली."

"म्हणजे?"

"म्हंजी आत्ताचं न्हाई सांगत. सकाळी जे व्हतं ते सांगती."

मी नुसती मान हलवली आणि वायरी तपासायला लागलो. पुढचे तीन आठवडे मी वायरीच तपासल्या. सेन्सर बदलले, अर्थिंग नवं केलं, व्होल्टेज मोजलं. आकडा दिवसातून दोन-चारदा घसरायचा आणि मी बघायला जाईपर्यंत ठीक झालेला असायचा. बोर्ड विकणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, हार्डवेअर बरोबर आहे, तुमचा कोड बघा. कर्नल लिहिणाऱ्या लोकांना मेल पाठवला तर उत्तर आलं, आमच्या मशीनवर असं होत नाही. चाचा अधूनमधून काही सांगायला यायचे. एकदा मी त्यांच्यावर चिडलोच. "चाचा, मला माझं काम करू द्या!" ते निघून गेले.

तेवढ्यात तीन नंबरच्या मालाची उगवण चाचणीचा निकाल आला. ओल्या कागदात ठेवलेल्या शंभर दाण्यांतले अकराच उगवले होते. अख्खा लॉट कोंबड्यांच्या खाद्यात गेला. त्यात माझ्या कुंभार पिंपळगावच्या मामाची कणसं होती; तो या प्लँटसाठी बियाण्याचा मका लावायचा. मामा प्लँटवर आला, तेव्हा मी पॅनलपुढेच बसलेलो होतो.

"भाच्या, म्या तर माल बराबर दिल्ता. मंग चूक कोनाची?"

मामा गेल्यावर चाचा आले आणि मला हाताला धरून तीन नंबरच्या लोखंडी दारापाशी घेऊन गेले. दारावर खडूनं आकडे लिहिलेले होते. आकडा किती वाजता घसरला, किती दाखवला, आणि तेवढं तापमान खरोखर किती वाजता होतं. घसरलेला प्रत्येक आकडा आधी कधीतरी खरा होऊन गेलेला होता.

"अन् आजून एक," चाचा म्हणाले. "मॅनेजर साब आफिसात काम्पुटर उघडतेत ना, तवाच हे व्हतं."

ऑफिसातला कॉम्प्युटर केबलनं पॅनलला जोडलेला होता; जालन्यात टेबलावर तसं काही जोडलेलं नव्हतं. मी चाचांना पॅनलसमोर उभं केलं, धावत ऑफिसात गेलो आणि आकडे मागवत राहिलो. पाचव्या-सहाव्या खेपेला अंगणापलीकडून हाक आली, "गेला! साब, मागं गेला!"

आता दिसत होतं. कर्नल मेमरीचे छोटे तुकडे करून मागेल त्याला देतो. तापमानाच्या आकड्याला एक तुकडा मिळाला होता आणि त्याला चिकटूनच केबलवरून येणाऱ्या निरोपाला दुसरा. प्रोसेसर मात्र मेमरी बत्तीस बाइटच्या पट्ट्यांनी उचलून स्वतःजवळच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या छोट्या साठ्यात, ठेवतो, आणि हे दोन्ही तुकडे एकाच पट्ट्यात बसले होते. केबलवरून नवा निरोप थेट मेमरीत उतरला की कॅशमधला जुना पट्टा टाकून द्यावा लागतो. पीसीत ही काळजी हार्डवेअरच घेतं. या बोर्डावर ते काम कोडनं करायचं होतं, आणि कोड पट्टा टाकताना शेजारचं ताजं तापमानही टाकून देत होता. खाली मेमरीत उरलेलं शिळं तापमान वर यायचं आणि बर्नर पेटायचा; ऑफिसात आकडे उघडे असेपर्यंत हे पुन्हा पुन्हा व्हायचं.

दुरुस्ती एका ओळीची होती. या प्रोसेसरवर बत्तीस बाइटपेक्षा लहान तुकडा कुणाला द्यायचाच नाही. ती ओळ कुठं घालायची हे शोधायला मला तीन दिवस लागले.

मॅनेजरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या सीझनला नको. काढून न्या." जालन्यात मालक म्हणाले, नीट टेस्टिंग करायला पाहिजे होतं. पुढच्या वर्षी एका बिनवर बसवायची परवानगी मिळाली. सबंध सीझन आकडा एकदाही मागं गेला नाही. मामानं मात्र त्या वर्षी बियाण्याचा प्लॉट घेतला नाही, कापूस लावला.

चाचांना मी म्हणालो, "पहिल्याच दिवशी तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

"हौ," ते म्हणाले. "पाहिजे व्हतं."

ती एक ओळ मी कर्नलवाल्यांनाही पाठवली होती. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. हे आम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्या एका प्रोसेसरच्या फाइलमध्ये तशी टीप आहे. मी ती फाइल उघडली. टीप खरंच होती, दोन वाक्यांची, माझ्याच सोर्स कोडच्या सीडीवर, पहिल्या दिवसापासून.