समोरच्या शेडमधली पिकअप

रस्त्याच्या एका बाजूला मिस्त्रीचं गॅरेज, समोर त्याच्या साडूचं. साडूनं शेड टाकली तेव्हापासून मिस्त्रीचं निम्मं लक्ष हातातल्या पान्यावर, निम्मं समोर. तिकडे गाडी लागली की इकडे याच्या पोटात दुखायचं. त्यात बायको जेवायला वाढताना धाकट्या बहिणीच्या नव्या फरशीचं कौतुक करायची.

"घसरून पडतील एक दिवस," म्हणत हा घास गिळायचा.

एक गिऱ्हाईक मात्र त्याचं हक्काचं, दूधवाला. दूधवाला जाईल तिकडे बाजारातले बाकी गाडीवाले जातात, हे मिस्त्री ओळखून होता. त्यानं दूधवाल्याच्या जुन्या पिकअपच्या मागच्या ब्रेकना नवे लायनर घातले आणि तिथंच बिनसलं. पाय नुसता टेकला तरी मागची चाकं जाम, रिकामी गाडी आडवी.

"मिस्त्री, ब्रेक बसवलाय का विंचू?"

"नवे आहेत, बसतील."

मिस्त्रीनं दोनदा नुसते ब्रेक ढिले करून दिले. आपलंच काम उघडून तपासायचं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटे. पुढच्या वेळी पिकअप समोरच्या शेडमध्ये लागली.

मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. साडूनं चाक काढलं, ब्रेकवरचा ड्रम ओढला आणि थबकला. तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक चाकात आखूड लायनर पुढच्या अंगाला, लांब मागच्या, हे तो झोपेतही चुकला नसता. पण त्या दिवशी समोर गाड्या उचलायची नवीकोरी लिफ्ट उतरत होती. मान तिकडे, हात इकडे. दोन्ही चाकांत उलटे बसले होते. आता हा बाजारभर डंका पिटणार.

"साडूभाऊ, येता का जरा?" समोरून हाक आली. "तुमच्या हातची गाडी आहे, तुम्हीच बघा."

दूधवाला चहाला गेला होता. दोघांनी लायनरची अदलाबदल केली. दूधवाल्यानं परत येऊन चक्कर मारली, ब्रेक लोण्यासारखा लागला.

"काय झालं होतं?"

"काही नाही, घाण बसली होती," साडू म्हणाला. "मिस्त्रींनीच काढली. गाडी त्यांच्याकडेच ने."

गिऱ्हाईक वाचलं. मिस्त्री मात्र आतून पेटला. शेड मोठी, लिफ्ट मोठी, तेही एक वेळ गिळलं असतं. आता मनही याचंच मोठं. मेल्यानं तेवढंही आपल्याला ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कामाचं बाकडं फिरवून भिंतीकडे तोंड करून लावलं. तरी मान वळायची ती वळतच होती.