निळे अंगठे

...तर तो अंगठा. जीपचं पुढचं चाक दगडावर आपटलं आणि हातातलं स्टिअरिंग असं गरकन फिरलं, की त्याची आडवी दांडी थेट डाव्या अंगठ्यावर येऊन बसली. काडकन आवाज झाला. तो इंजिनात झाला असं समजून हलके मिस्त्री खाली उतरले, बॉनेट उघडलं, आत हात घालायला गेले, तेव्हा कुठं कळलं की मोडलं ते इंजिन नव्हे. ही तिशीतली गोष्ट. आता साठी उलटली, तरी तो अंगठा रस्त्यावरच्या वाकलेल्या पाटीसारखा भलतीकडेच तोंड करून उभा आहे, आणि शर्टाची वरची गुंडी बायको लावते तेव्हा लागते.

"लग्नात हात हातात दिला, तेव्हा अंगठा वेगळा सांभाळावा लागेल असं कुणी बोललं नव्हतं," ती म्हणायची.

हलके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. स्वतः मिस्त्री शंभर किलोंचा ऐवज, बाकावर बसले की दुसऱ्या टोकाचा माणूस अधांतरी. पण गाडी हलकी करावी तर त्यांनीच. घाटाच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या आणि मागची सीट, पायाखालचे गालिचे, दारांतले पुठ्ठे असं सगळं मागे ठेवून जायच्या. काढलेली वस्तू ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगत आणि वर खडूने गाडीचा नंबर लिहीत. लिहिताना एकच वाक्य ठरलेलं: "वस्तू भिंतीवर जाते. तिचं काम भिंतीवर जात नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडतं." गिऱ्हाईक हसायचं आणि गाडी घेऊन निघायचं.

त्यांची एकुलती एक लेक दातांच्या कवळ्या बनवायची. गुलाबी मेणात एकेक दात बसवताना तिचे दोन अंगठे असे फिरत, की बघणाऱ्याने आपली जीभ आपल्या दातांवरून फिरवून बघावी. म्हातारी माणसं तिला दुवा देत. सुट्टीच्या दिवशी मात्र हीच गुणी मुलगी लाल, दोन दारांची गाडी घाटात अशी पळवायची की दुवा देणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावेत. मागच्या वर्षी तिचा पहिला नंबर दीड सेकंदाने हुकला होता. यंदा शर्यतीच्या आठ दिवस आधी ती गॅरेजमध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, एसी काढा आणि पॉवर स्टिअरिंगचा पंपही काढा. दोघं इंजिनाची ताकद खातात."

"एसी काढतो. तो बसून खाणारा पाहुणा. पंप राहू दे."

"तो का म्हणून?"

"तो खातो, पण तुझ्या वाटचं ओझं ओढतो."

"ओढीन मी. काढता येईल ते सगळं काढा. जन्मभर लोकांच्या गाड्या सोलल्यात, आणि माझ्याच गाडीला हात आखडता?"

बापाला नेमकं कुठं धरायचं, हे लेकींना कोण शिकवतं कुणास ठाऊक. मिस्त्रींनी पाना उचलला.

एसीचा गॅस यंत्राने बाटलीत ओढून घेतला. मग कॉम्प्रेसर सुटला, पुढची जाळी सुटली, नळ्या सुटल्या. मग पंप. आता इथं कच्चा माणूस पंपाच्या नळ्यांना बुचं मारतो आणि मोकळा होतो. आत कोंडलेलं तेल मग प्रत्येक वळणाला भांडत बसतं. मिस्त्रींनी चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅक उघडून आतलं, तेल अडवणारं सीलच काढून टाकलं. दोन पुल्या गेल्या तसा जुना पट्टा लांब पडला. सुतळीचा वेढा घालून त्यांनी नवं माप घेतलं, पाण्याच्या पंपाला पुरेशी मिठी बसते ना ते तीनदा पाहिलं. कामात कुठं नाव ठेवायला जागा ठेवली नाही. सगळं मिळून अठरा किलो उतरलं. लेकीने टाळी दिली.

मग त्यांनी स्वतः गाडी अंगणातून एक फेरी फिरवली. एकेक खडा हाताला लागत होता. मध्ये तेल होतं तोवर रस्ता दाराबाहेरून बोलायचा. आता तो घरात शिरला होता, आणि तीस वर्षांनी भेटलेल्या सावकारासारखा नाव घेऊन हाक मारत होता.

त्यांनी अंगणात अर्धी वीट टाकली. "हिच्यावरून हळू ने. चाक वळवून."

लेकीने नेली. विटेवर चाक चढलं, स्टिअरिंगने हिसका दिला, तिने हात झटकला आणि हसली. "काही नाही झालं."

मिस्त्री खिडकीशी वाकून तिचे हात बघत होते. दोन्ही अंगठे स्टिअरिंगच्या कड्याच्या आत, दांडीला बिलगून. जुन्या गाड्या चालवणारा कुणीही अंगठा कड्याच्या वर ठेवतो. त्याला हिसक्यानेच शिकवलेलं असतं. ही मुलगी पंपाच्या गाडीवर शिकली. तिला कधी कुणी हिसका दिलाच नव्हता.

"अंगठे बाहेर," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. इतक्या पटकन, की मिस्त्री सरळ फळीवरची डबी शोधायला वळले.

इंजिनाच्या झडपा नीट टेकतात का ते बघायला मिस्त्री लोक एक निळा लेप वापरतात. तो वाळत नाही आणि साबणाला दाद देत नाही. तो त्यांनी स्टिअरिंगच्या आतल्या बाजूने, दांडीच्या कोपऱ्यांत लावला. "साखर कारखान्यामागच्या वळणांवर रोज सराव कर, उघड्या हातांनी. परत आलीस की अंगठे दाखव. कोरे दिसले, की गाडी शर्यतीला."

सोमवारी अंगठे निळे. मंगळवारी निळे. शाळेत मास्तर नखं तपासतात तसे मिस्त्री चष्मा लावून उभे, आणि ही हात पुढे करून.

"कवळ्यांना निळे डाग पडले, तर म्हातारे काय म्हणतील?" तिने विचारलं.

"म्हणतील, दात आहेत, बनवणारी शाबूत आहे. अंगठा गेला तर काय बनवशील?"

बुधवारी एक निळा, एक कोरा. गुरुवारी पुन्हा दोन्ही निळे. मिस्त्रींचं जेवण निम्म्यावर आलं. भिंतीवर टांगलेल्या पंपाकडे पाठ करून ते काम करायला लागले.

शुक्रवारी दोन्ही अंगठे स्वच्छ.

"शिकली बघा," आई म्हणाली. "उगाच जीव खात होता तिचा."

मिस्त्रींनी लेकीचा हात हातात घेतला. आनंदाने घेतला. आणि घेतल्यावर त्यांना वास आला. पेट्रोलचा. उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला सुईएवढी निळी रेघ राहिली होती. लेक दुसरीकडे बघत होती.

"छान," ते म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.

शनिवारी सकाळी लेक गाडी न्यायला आली. शर्यत दुसऱ्या दिवशी. हातात शिरस्त्राण, खांद्याला पिशवी, सोबत आई डबा घेऊन. गॅरेजचं दार सताड उघडं, लाल गाडी धुऊनपुसून लख्ख उभी. लेकीने दार उघडलं, सीटवर बसली, हात पुढे केले, आणि ते तसेच हवेत राहिले. समोर नुसता दांडा होता, त्यावर एक नट.

मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मांडीवर स्टिअरिंगचं गोल, त्यावर वाकडा अंगठा. त्यांच्यामागे भिंतीवरचा पंपाचा खिळा रिकामा होता. पंप पुसून बाकावर ठेवलेला, शेजारी जुना लांब पट्टा आणि नव्या सीलचं पाकीट.

"बाबा," लेक म्हणाली, "स्टिअरिंग का काढलंत?"

आई डबा धरून तशीच उभी. मिस्त्रींनी चष्मा वर सरकवला.

"तूच म्हणालीस ना, काढता येईल ते सगळं काढा. हे एवढंच राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबणार असशील तर पंप चढवतो, मग हेही देतो. आणि आधी ते नख नीट धू, आईला दिसेल."