पाटीमागचे दाजी

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं आणि मी वाकून आत शिरत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. लोणावळ्यात माझं चिक्कीचं दुकान आहे. शटर नेहमी अर्ध्यावर अडकतं आणि माझं पोट त्याच्याही आधी, त्यामुळे डोकं आत आणि बाकीचा मी रस्त्यावर, असा माझा मुक्काम रोज थोडा लांबतोच. तसाच वाकलेला असताना ऐकलं... "अरे, हे उठत न्हाईत." चहा ठेवून ती हाक मारायला गेली, तर दाजी कुशीवर वळलेले, शांत. मी किती वेळ तसाच वाकून उभा होतो कोण जाणे. शेजारच्या पानवाल्याने हात धरून बाहेर काढलं तेव्हा भान आलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आंदर मावळातले. कंपनीतून रिटायर झाल्यावर बेगडेवाडीला स्टेशनाजवळ राहायचे. पण मावळात त्यांना ओळखायचे ते आवाजावरून. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर माईक कायम दाजींच्या हातात. गाडा सुटताना ते "भिर्रर्र..." अशी आरोळी द्यायचे, की बैलांच्या आधी माणसंच पळायला लागायची. एवढ्या आवाजाचा हा माणूस घरात मात्र एका व्यक्तीपुरता मुका झाला होता. त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल, माझी भाची, कंपनीत पर्मनंट व्हायच्या बेतात होती. ती नोकरी सोडून गाणं करायचं म्हणाली आणि दाजींनी तिच्याशी अबोला धरला. एका ताटात जेवतील अशी बापलेक, पण "तिला इचारा, आमटी पायजे का" हे ताईकडे बघून. ताई समोर नसली तर हेच वाक्य फ्रिजला. एकदा मी शेजारी बसलेलो असूनही त्यांनी निरोप फ्रिजलाच दिला. मी म्हटलं, "दाजी, मी आहे की इथं." तर म्हणाले, "पाव्हणं, तुमी निरोपात पदरचं घालता. त्यो घालत न्हाई."

गेल्या दिवाळीनंतर स्नेहलने स्वतः चाल लावलेल्या गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं. कॅमेरा तिच्या मित्राचा, समीरचा; तो एरवी लग्नं शूट करतो. बाकी सगळी खाती नातेवाइकांकडे, बिनपगारी. माझ्याकडे प्रकाश विभाग आला, म्हणजे थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता उन्हात धरून स्नेहलच्या तोंडावर उजेड पाडायचा. जागा होती दाजींच्या गावचं भाताचं शेत, पीक कापणीला आलेलं. वाऱ्याने थर्माकोलचं शीड झालं आणि प्रकाश विभाग बांधावरून थेट खाचरात गेला. समीर गंभीरपणे म्हणाला, "मामा, तुम्ही चिक्की वाटा." त्या धंद्यात इतक्या लवकर बढती दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

दाजी आले होते ते राखणीला. "भात तुडवतील ही पोरं, ध्यान ठेवाया येतोय," असं ताईला सांगून. बांधावर छत्री टेकून, पाठ आमच्याकडे करून बसले होते. समीरला प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासमोर पाटी धरून शॉट आणि टेक ओरडून सांगणारं कुणीतरी हवं होतं, म्हणजे नंतर जुळणीत घोळ होत नाही. गावच्या घरातून एक जुनी दगडी पाटी मिळाली. मी ती दाजींच्या पुढ्यात नेऊन धरली. ते पाटीकडे बघत राहिले...

"तिच्याशी बोलाया लागंल का?"

"छे. कॅमेऱ्याशी बोलायचं."

"मंग चालंल."

पहिल्याच शॉटला स्नेहलच्या समोर उभे राहिले, पाटी छातीशी धरली आणि गळ्याच्या जुन्या सवयीने घात केला. "शॉट पैला, टेक पैला... भिर्रर्र!" खाचरातले बगळे उडाले. समीरने दचकून कॅमेरा आभाळाकडे वळवला. स्नेहल पोट धरून खाली बसली. दाजींचा चेहरा मात्र ढिम्म. "तिला सांगा, हसायचं न्हाई. खेळ न्हाई ह्यो." पण त्यानंतर ते छत्रीकडे परत गेले नाहीत. दिवसभर पाटी पुसायची, लिहायची, तिच्यासमोर उभं राहायचं, आकडा सांगायचा, बाजूला व्हायचं. ऊन उतरलं तसं समीर म्हणाला, "झालं, आवरा." दाजी म्हणाले, "आजून एक घ्या." "काका, उजेड गेला." "घ्या म्हनतो ना." मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. घेतला. परतताना जीपमध्ये पुन्हा तेच, "तिला म्हनावं, काच वर कर."

ते शेवटपर्यंत तसंच राहिलं, असं आम्ही समजत होतो. दहाव्याला इंद्रायणीच्या काठावर स्नेहलने मला बाजूला घेतलं. "मामा, पप्पा माझ्याबद्दल काही बोलले होते का तुमच्याशी? काहीही... आठवून सांगा." आयुष्यभर किस्से तिखटमीठ लावून सांगितले मी, लग्नाच्या पंगतीत माणसं मला मुद्दाम शेजारी बसवून घेतात. त्या दिवशी जिभेवर एक चिमूट मीठ येईना. "नाही गं," एवढंच म्हणालो.

नंतर एका दुपारी तिने बेगडेवाडीला बोलावलं. चित्रीकरण सगळं तसंच पडून होतं, एकटीला लावायचा धीर होत नव्हता. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पहिला तुकडा लागला. पाटी आली, खडूने भरलेली बोटं आली, आणि तो आवाज घरभर घुमला. स्वयंपाकघरातून ताई सहज म्हणाली, "आले हो..." आणि मग आत काहीच हललं नाही. स्नेहलने आवाज कमी केला, पण थांबली नाही. एकामागून एक दाजी येत होते, आकडा सांगत होते आणि कडेला नाहीसे होत होते.

शेवटच्या तुकड्यात उजेड मावळतीचा होता. आरोळी नव्हती, आकडासुद्धा दमून सांगितला. पाटी खाली आली, पण दाजी बाजूला झाले नाहीत. ते वळले; आता कॅमेऱ्याकडे त्यांची पाठ, पलीकडे स्नेहल. आणि मग, माईकवर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात... "म्हन. म्हन आता."

स्नेहल पडद्याकडे बघत राहिली. "मामा, हे मला तेव्हा ऐकूच आलं नाही. माझं सगळं लक्ष सुरुवात चुकू नये याच्यात होतं." तिने तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्यातला शब्द वाढत नव्हता, कमी होत नव्हता.

व्हिडिओ आता सगळीकडे आहे. त्यात दाजी नाहीत. गाणं त्यांच्यानंतर सुरू होतं. परवा लोणावळ्यात एका लहानशा हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला. पेटीने सूर दिला, तबला लागला, लोक गप्प झाले आणि स्नेहल सुरूच करेना. समोर स्टेजच्या पायऱ्यांपाशी मोकळ्या जागेकडे बघत बसली. मी घाबरलो. तबलजी मात्र निवांत होता. स्नेहलताई हल्ली अशाच थांबतात, असं तो मला नंतर म्हणाला. दाजींचा तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. हॉलमध्ये कुणीही, काहीही बोललं नाही. स्नेहलने मात्र मान हलवली, मोठ्यांनी सांगितलेलं ऐकल्यावर हलवतात तशी, आणि गायला लागली.