कीर्तिमुखाचा उंबरठा

दादा देवळात ग्राइंडर घेऊन आला तेव्हाच माझं डोकं फिरलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बिबवेवाडीजवळच्या आमच्या महादेवाच्या देवळाचा विश्वस्त. देऊळ यादवकाळातलं. आता चारी बाजूंनी सोसायट्या आहेत, मंडपात चकचकीत फरशी आहे, पण गाभाऱ्याच्या दाराची कोरीव चौकट अजून शाबूत आहे. तिच्याखालचा दगडी उंबरठा चांगला उंच, आणि त्यावर मधोमध कीर्तिमुख कोरलेलं. बटबटीत डोळे, वासलेला जबडा. त्यावर पाय द्यायचा नाही, हे आम्हाला लहानपणीच बजावलेलं.

तोच उंबरठा दादा कापणार होता, आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई व्हीलचेअरवर होती आणि "मला महादेवाकडे न्या" असा तिचा रोजचा घोशा होता. मंडपापर्यंत रॅम्प झाला. गाडं अडलं ते उंबरठ्यापाशी.

"अरे, असा दगड परत कोण घडवणार? आईला उचलून आत ने," मी म्हटलं.

"कुणी उचललेलं तिला खपत नाही. आता बायकांनाही गाभाऱ्यात सोडतात, आपली आईच तेवढी राहिली. तू कोथरूडला बसून दगडांची काळजी कर. आईची मी करतोय."

ते मला फार लागलं. मी उंबरठ्याकडे पाठ करून उभी राहिले. दादाने प्लग लावला.

"बाजूला हो."

"होणार नाही."

त्याने बटण दाबलं. त्या दगडी मंडपात असा आवाज घुमला की कानठळ्या बसल्या, पण मी हलले नाही. दादाही इरेला पेटला होता.

"बंद कर ते! मला खाली उतरवा," मंडपात व्हीलचेअरवर बसलेली आई ओरडली.

दादाने मशीन बंद केलं. आम्ही दोघांनी तिला धरून फरशीवर बसवलं. ती सरकत उंबरठ्यापाशी गेली आणि कीर्तिमुखावरून हात फिरवू लागली. त्याचं नाक पार गुळगुळीत झालेलं. देवळातली सगळी नक्षी मला तोंडपाठ, पण ते नाक कशाने झिजलं हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून इथं डोकं टेकतेय," आई म्हणाली. "आत तुम्ही पुरुष जायचात. माझं सुखदुःख मी यालाच सांगितलंय. हाच कापलास तर डोकं कुठं टेकू रे?"

दादाने प्लग काढला. तिला उठवायला आम्ही वाकलो, तर तिने कपाळ दगडावर टेकलेलंच होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझं सांगून झालं नाही अजून."