चांदणीचा डावा कौल

देवावर रुसायचं तर त्याच्या समोर उभं राहून रुसावं, अशी माझी रीत. त्या दिवशी मात्र मी आमच्या गावच्या रवळनाथाकडे पाठ करून देवळाबाहेर पडले होते.

चांदणी ही आमची घोडी. कंबर गेल्यावर आमच्या ह्यांनी होडी सोडली आणि मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला तिला आणलं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ती आमची कोण होती हे वेगळं सांगायला नको. यंदाच्या थंडीत ती वाळूवर पळून आली की लघवी लाल व्हायला लागली. मागचे पाय फाकून, शेपटी वर धरून ती कुंथत उभी राहायची आणि थेंब थेंब टाकायची. मांड्यांची कातडी लघवीने सोलून निघाली. मालवणी माणसाला मुतखडा म्हटला की आधी कुळीथ आठवतो. आम्हीही टोप भरभरून कढण पाजलं. तिने ते आवडीने प्यायलं, पण गुण काही आला नाही. गुरांचे डॉक्टर सरळ माणूस. तपासून म्हणाले, "लघवीच्या पिशवीत खडा आहे, चांगला मोठा. मी गाई-म्हशींचा डॉक्टर, घोडीचा खडा कधी काढलेला नाही. गोव्याला न्या, आणि उशीर करू नका."

टेम्पो ठरला. पण आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय मोठं काम होत नाही. चांदणीला देवळाबाहेर वडाला बांधलं आणि आत गेलो. गुरवाने देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्या मुक्या जनावरार संकट इला हा. तेका गोव्याक न्हेवचा काय, ता तू सांग, महाराजा." "व्हय महाराजा," आम्ही हात जोडून म्हटलं. थोड्या वेळाने डावी कळी घरंगळली.

हे खांबाला टेकून खालीच बसले. "देवान नाय म्हटल्यान. ती काय आता वाचूची नाय," एवढंच बोलले आणि टेम्पोवाल्याला माघारी पाठवलं. मी किती सांगितलं, पण कौलापुढे ते माझं ऐकतात होय! मला असा संताप आला की डोळ्यांतून पाणी येईना. मुक्या जिवाला दवाखाना नाकारणारा तू कसला देव, असं मनात म्हणत मी बाहेर आले.

बाहेर वडाखाली एक अनोळखी बाई चांदणीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात ओटीची पिशवी. आमच्याच देवाच्या माहेरवाशीण, पुण्याहून दर्शनाला आलेल्या.

"पळाल्यावरच रक्त जातं का?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय. म्हणजे, हो."

"मी घोड्यांची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या.  मी तशीच आत धावले आणि ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. औषधं आणि सुया घेऊन ते लगेच आले. बाईंनी शेपटीच्या मुळाशी सुई देऊन चांदणीचा मागचा भाग बधिर केला. "घोडीची मूत्राची वाट आखूड आणि रुंद असते. हात बारीक असला तर चिरफाड न करता खडा निघतो," बाई म्हणाल्या आणि हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. मग हातमोजा चढवून त्यांनी हात हळूहळू आत घातला. हे चांदणीचं तोंड छातीशी धरून उभे होते. शेवटी बाईंचा हात बाहेर आला. मुठीत पिवळट खडा होता, लिंबापेक्षा थोडा मोठा, वरून फणसाच्या कोवळ्या कुयरीसारखा खरखरीत. त्याच्यामागून जी धार लागली ती थांबेचना. घोडीच्या मुताला हात जोडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, मी जोडले. 

गोव्याला नेली असती तर काय झालं असतं, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. तिथेही निघाला असता कदाचित. पिशवी तट्ट भरली होती, रस्त्यात धक्क्याने फुटलीही असती." मीही यावर वाद घालत नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आम्ही देवाला विचारलं होतं, न्यायची का? त्याने तेवढ्याचंच उत्तर दिलं, नेऊ नका. ती वाचायची नाही, हे त्याने म्हटलंच नव्हतं. ते आमच्या भीतीने त्याच्या तोंडी घातलं होतं. तो बिचारा आम्हाला थांबा म्हणत होता आणि मी त्यालाच शिव्या घालून बाहेर पडले, तर त्याने धाडलेलं माणूस दारात उभं.

चांदणी हिंडूफिरू लागल्यावर मी एकटीच देवळात गेले. मला बघून गुरवाने कळ्या भिजवायला घेतल्या. "काय विचारूचा आसा गो?"

"काय नाय," मी म्हटलं. "आज निसती उभी रवाक इलंय."