दुधात जायफळ घालूनही

नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो त्याच हिवाळ्यात माझी झोप उडाली, म्हणून सगळ्यांनी दोष फ्लॅटला दिला. त्याआधी आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. क्वार्टर नवऱ्याच्या नावावर होतं. त्यानं सरकारी नोकरी सोडून खासगी कंपनी धरली आणि आम्ही यमुना ओलांडली. त्या वर्षांत सगळेच काहीतरी सोडून काहीतरी धरत होते. मी मात्र माझी केंद्र सरकारच्या मंत्रालयातली स्टेनोची नोकरी सोडली नाही. रोज ऑफिसवाल्यांनी ठरवलेल्या चार्टर्ड बसनं जात-येत होते.

अंथरुणावर पडलं की छातीत धडधड सुरू व्हायची. जानेवारीच्या थंडीत मी रजई फेकून पंखा लावायची.

"अगं, वेड लागलंय का तुला?" नवरा रजईतून ओरडायचा.

"अहो, मला उकडतंय."

"जानेवारीत? तू विचार फार करतेस."

हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांच्या तोंडून ऐकलं की आजही कुणी ते उच्चारलं तर माझं डोकं फिरतं. मी कसलाही विचार करत नव्हते. मला फक्त झोपायचं होतं.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. सासूबाईंनी फोनवरून दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी बाईनं तळपायाला सरसोंचं तेल चोळायला लावलं. सोसायटीच्या पार्कात सकाळी योग चालायचा, तिथेही जाऊन बसले. डोळे मिटून श्वास मोजायला सांगत, आणि मला ऐकू यायचे ते कानात बडवणारे स्वतःचेच ठोके. भूक राक्षसासारखी लागायची, तरी अंगावरचे कपडे सैल होत चालले होते. "क्या बात है, स्लिम हो गईं आप!" बायका कौतुक करायच्या.

सोसायटीबाहेरच्या मार्केटमध्ये एका डॉक्टरनं नवा दवाखाना थाटला होता. नवरा मला तिथे घेऊन गेला. डॉक्टर सगळं नवऱ्याला विचारत होता. झोपत नव्हते मी, आणि "मॅडम कब से नहीं सो रहीं?" हा प्रश्न त्याला! मी मध्येच म्हटलं, "डॉक्टरसाहब, थायरॉइड की जांच करा लें क्या?" एका मासिकात वाचलं होतं काहीतरी.

तो हसला. "थायरॉइड में तो लेडीज मोटी हो जाती हैं. आप तो फिट हैं. टेंशन है, बस." नवराही हसला. दोघं हसले! माझी नाडीसुद्धा न बघता त्यानं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घेऊन सकाळी डोकं भुशासारखं व्हायचं, आणि धडधड होती तिथेच.

ऑफिसात डिक्टेशन घेताना पेन्सिल थरथरायला लागली. माझंच शॉर्टहँड मला वाचता येईना. साहेबांसमोर एकदा भर मीटिंगमध्ये रडू फुटलं. घरी सांगितलं तर नवऱ्याचा निकाल तयार होता.

"नोकरी सोड. तुला झेपत नाहीये."

"झोप आली की झेपेल."

"नोकरी सोडलीस की झोप येईल. माझ्या पगारात भागतं आता."

मी इतकी थकले होते की हो म्हणाले. राजीनामा द्यायचं मनाशी ठरलंसुद्धा. ते घडलं नाही, कारण माझे डोळे चुरचुरत होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी यंत्र बाजूला सारलं आणि नुसतंच माझ्याकडे पाहत राहिल्या.

"आपकी आँखें हमेशा से इतनी बड़ी थीं?"

"नहीं तो."

"दोनों हाथ आगे कीजिए."

मी हात पुढे केले. बोटं कापत होती. त्यांनी मनगट धरलं, मग गळ्यावरून हलकेच बोटं फिरवली. "नींद आती है?"

मला हुंदका आवरेना. हा प्रश्न मला, थेट मला, कुणीतरी विचारला होता.

रक्ताच्या तपासणीत थायरॉइड प्रमाणाबाहेर वाढलेला निघाला. मोठ्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञांनी समजावलं, की ही ग्रंथी मंदावली की माणूस जाड होतो आणि सुस्तावतो. जास्त काम करायला लागली की डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात आणि शरीर चोवीस तास पळत राहतं, मग झोप कुठून येणार? इतकी साधी गोष्ट. नवरा रिपोर्ट बघून म्हणाला, "चला, काही फार गंभीर नाही." माफी नाही, काही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी एके संध्याकाळी चार्टर्ड बसमध्ये मला असा काही डोळा लागला की माझा स्टॉप मागे गेला आणि कंडक्टरनं हलवून उठवलं. रस्त्याकडेच्या धुळीत उभी राहून मी एकटीच हसत होते. पुढे दुपारचा चहा बंद केला, रोज ठरल्या वेळी झोपायला जाऊ लागले, सकाळी चालायला लागले. त्याचाही फायदा झाला, नाही कशाला म्हणू? पण ठोके ताळ्यावर आल्यावर झाला. आधी तेच सगळं करून मी फक्त थकले होते.

पुढच्या संक्रांतीला ओळखीची मराठी कुटुंबं आमच्याकडे आली होती. तिळगूळ वाटता वाटता नवरा रंगात येऊन सांगत होता, "औषधं नावाला हो. खरं काम केलं ते मॉर्निंग वॉकनं. मी तर पहिल्यापासून सांगत होतो, बिल्कुल नॅचरल राहा."

माझ्या हातातलं ताट मी टेबलावर आपटलं.

"तुम्ही पहिल्यापासून काय सांगत होतात ते सांगू सगळ्यांना? विचार करू नकोस. नोकरी सोड. मी तपासणीचं नाव काढलं तेव्हा तुम्ही त्या डॉक्टरबरोबर हसलात. मी आजारी होते. मला वेडी ठरवलंत."

"पाहुण्यांसमोर काय हे?" तो पुटपुटला.

"पाहुण्यांसमोरच तर खोटं बोललात."

 मग कुणीतरी मुलांच्या परीक्षांचा विषय काढला. त्यानंतर नवरा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला, आणि मी त्याची समजूत काढायला गेले नाही. नोकरी मी पुढे निवृत्तीपर्यंत केली. झोपही बरी लागते. लोक म्हणतात, आता विसर ते, किती वर्षं झाली. तो डॉक्टर हसला होता तो आवाज आठवला की अजून माझ्या तळव्यांना घाम येतो, आणि थायरॉइड तर कधीचा जागेवर आलाय.