पाठीवर पोर, पोटाला डबा

जाऊबाईंनी मला पहिल्यांदा मारलं ते विहिरीच्या भर पाण्यात, तोंडावर, मुठीनं. त्याआधी मी त्यांच्या हाताला कडकडून चावले होते, त्यामुळे सुरुवात कोणी केली यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. आम्ही शहरात, नंदनवन वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नवरा कचेरीत कारकून. थोरले दीर आणि जाऊबाई पारशिवनीकडे शेती बघत. मे महिना लागला की मी शेतावर जाऊन पडायची. त्या वर्षी लेक नुकती बसायला लागली होती. घामोळ्यांनी तिचं अंग लालभडक झालेलं. पंख्याखाली रडायची, सावलीत रडायची, आणि अंगावर ओली फडकी टाकली की तेवढ्यापुरती गप्प व्हायची. म्हणून मी ठरवलं, हिला विहिरीत पोहायला न्यायचं.

त्या वेळची मी म्हणजे एक नग होते. जे करायचं ते चित्रात बघून करायचं. सीताबर्डीला रद्दीच्या ढिगात मला एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात एक गोरी बाई पाण्यात उभी, पाठीवर पट्ट्यांच्या पिशवीत बाळ, आणि दोघंही दात काढून हसताहेत. मला इंग्रजी वाचता येत होतं. चित्राखाली चांगल्या चार ओळी छापलेल्या होत्या. पण वाचणार कोण? चित्र कळलं होतं ना.

घरी येऊन मी तशीच पिशवी शिवली. जाड गादीपाटाचं कापड, खाली पाय बाहेर काढायला दोन भोकं, आणि बांधायला पलंगाची नवार. दुहेरी शिलाई मारली. हत्तीचं पिल्लू घातलं असतं तरी उसवली नसती. शेतावर पोचल्यावर जाऊबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"हे काय होय वं? बैलाच्या तोंडाले बांधाचं मुसकं?"

"बाळाला पाठीवर घेऊन पोहायची पिशवी आहे, जाऊबाई."

"तुले तरी पोहता येते का? डब्याबिगर बुडते तू, अन् पोट्टीले घेऊन पोहतो म्हणते."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधतात, झाकण झाळून बंद केलेला. माणूस पाण्यात पालथा पडतो, डबा पाठीवर तरंगतो आणि माणसाला वर धरून ठेवतो. गावातली पोरं एका उन्हाळ्यात डबा सोडतात. मी लग्नानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात डब्यासकटच पोहत होते, आणि तरी स्वतःला पोहणारी बाई म्हणवून घेत होते.

दुपारी पुरुष माणसं जेवून आडवी झाली की विहीर बायकांची. पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या, काही पायऱ्या पाण्याखाली, आणि शेवटची संपली की एकदम खोल. जाऊबाई वरच्या पायरीवर धोपाटण्यानं गोधड्या बडवत बसल्या होत्या. तो आवाज विहिरीत असा घुमायचा की वाटावं कोणी कोणाला मारून राहिलंय. मी लुगड्याचा काचा मारला. पोरीला पिशवीत घालून पाठीवर घेतली आणि नवारीच्या गाठी छातीवर करकचून आवळल्या. मग डबा उचलला, आणि पेच पडला. पाठीवर पोर होती. डबा कुठे बांधणार?

त्यावर मी हुशार बाईनं फार विचार केला नाही. पोटावर बांधला.

गुडघाभर पाण्यात पोरीचे पाय बुडले आणि ती हसली. त्या आठवड्यातलं तिचं पहिलं हसू. कंबरभर पाण्यात तिनं माझे केस ओढून किंकाळ्या मारल्या, पण आनंदाच्या. मला वाटलं, जिंकलं. मी शेवटच्या पायरीवरून पुढे झेप घेतली.

डब्यानं आपलं काम केलं. त्याला वर यायचं होतं, तो वर आला. मी गर्रकन उलटी झाले आणि पाठीवर, उताणी तरंगायला लागले. वर विहिरीच्या काठानं कापलेलं आभाळाचं गोल ताट. हात नाही, पाय नाही, काही हलवायला नको. आयुष्यात कधी इतकी हलकी तरंगले नव्हते. आणि मी, तुमची ही आजी, तशी उताणी पडून अभिमानानं ओरडले, "बघा जाऊबाई! हात न हलवता!"

धोपाटण्याचा आवाज थांबला.

"पोट्टी कोठी हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. पाठीवर आहे की, म्हणणार होते. तेवढ्यात माझ्या कण्यावर लाथा बसायला लागल्या. बारीक, भराभर, पाण्याखालून.

मी उलटायला गेले. डबा उलटू देईना. एका कुशीवर झाले की तो मला ढकलून पुन्हा उताणी पाडायचा. मी त्याच्यावर बुक्क्या मारल्या, पत्र्याच्या कडेनं माझी बोटं फाटली. नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात जाऊबाईंनी लुगड्यासकट उडी टाकली आणि त्यांचा हात माझ्या गळ्याभोवती पडला. मला खाली दाबून पालथी करायला बघत होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझ्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. मला वाटलं, ही बया मला मारून टाकते. मी त्यांच्या मनगटाला दात लावले, अगदी हाडापर्यंत. तेव्हा ती मूठ बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, जबडा सुटला, आणि जाऊबाईंनी माझी वेणी हाताला गुंडाळून मला पायऱ्यांकडे फरफटत नेलं.

लाथा थांबल्या होत्या.

पायरीवर त्यांनी मला पालथी आपटली. पहिल्यांदा मला कुशीवर वळवून छातीवरच्या गाठी सोडायला गेल्या. सुती नवार भिजल्यावर अशी फुगते आणि आवळते की गाठ म्हणजे गारगोटी. त्यांची नखं मोडली. दातांनी ओढून पाहिलं. पोर वरून ओढून पाहिली, तर मांड्या भोकांत अडकलेल्या. विळा घरात, घर शेताच्या दुसऱ्या टोकाला.

"आहे का हो? जाऊबाई, आहे का?" मला दिसत नव्हतं. माझं स्वतःचं पोर माझ्या पाठीवर, आणि जगात फक्त मलाच दिसत नव्हतं.

"थोबाड बंद ठेव!"

त्यांनी माझे दोन्ही पाय धरून मला पायऱ्यांवर उलटी केली, डोकं खाली, पाय वर. पोरही माझ्याबरोबर उलटी झाली. आणि मग त्या तिला मारायला लागल्या. उघड्या पंजानं, दोन खांद्यांच्या मधोमध. प्रत्येक तडाखा तिच्यातून माझ्या पाठीत उतरत होता. माझ्या बरगड्या पायरीच्या कडेवर आपटत होत्या. मी ओरडत होते, "मारू नका, मरेल ती!" आणि जाऊबाई मारता मारता तिला शिव्या देत होत्या. "रड वं! रड न, रांडे! रड म्हणतो!" त्यांचा आवाज फाटला होता. चावलेल्या मनगटाचं रक्त माझ्या कानावरून ओघळत होतं.

मग माझ्या मानेवर काहीतरी गरम सांडलं. पाणी, आणि त्यात फाटलेलं दूध. एक उचकी. पुन्हा गरम लोंढा. आणि मग ती रडली. अशी रडली की काठावरच्या बाभळीतली कबुतरं उडाली.

जाऊबाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. थोडा दम खाल्ला. मग उठल्या, माझ्या पोटाचा डबा हिसकून काढला आणि दगडानं ठेचून त्याचा चोळामोळा केला. तशीच मला पाठीवरच्या पोरीसकट शेतातून ढकलत घरी आणलं. विळ्यानं नवार कापताना पातं माझ्या गळ्यापाशी होतं. त्या म्हणाल्या, "हालू नको. आता चुकून तुही मान कापली त मले काही वाटणार नाही."

पोर सुटून त्यांच्या मांडीवर गेली, आणि त्यांनी मला दुसऱ्यांदा मारलं. यावेळी उलट्या हातानं. मीही उठले आणि ओल्या पिशवीचा फटका त्यांच्या तोंडावर हाणला. दीर झोपेतून उठून दारात आले, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन झोपले. शहाणा माणूस.

पोर वाचली, पण गोष्ट तिथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीला तिच्या पायावर तांब्याभर पाणी घातलं, तर ती काळीनिळी होईपर्यंत किंचाळली. तिसऱ्या दिवशीही तेच. ओल्या फडक्यालाही अंग चोरायला लागली. घामोळ्या पिकल्या, त्यांचे फोड झाले. मी तिला कोरडीच ठेवायची आणि पदरानं वारा घालत रडायची.

एका सकाळी जाऊबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि विहिरीकडे चालायला लागल्या.

मी आडवी गेले. "नाही न्यायची!"

"काहून? अशीच सडू देतो का तिले?"

मी त्यांच्या पदराला लटकले. पदर फाटला. पायऱ्यांवर त्यांचा पाय धरून बसले तर त्यांनी पाय झटकला आणि माझा ओठ फुटला. त्या पाण्यातल्या पहिल्या पायरीवर बसल्या. पिशवी नाही, नवार नाही, नुसते दोन हात. पोरीनं त्यांच्या गालावर नखांनी लाल रेघा ओढल्या, केस उपटले, लाथांनी छाती बडवली. त्या हलल्या नाहीत.

"ये इकडे. धर."

"माझ्या हातून नाही व्हायचं."

"मंग कोण्या हातानं होईन? माह्याकडे पाहून रडून राहिली का? तुह्याकडे पाहून राहिली थे. ये म्हणतो न!"

त्यांनी माझं मनगट पिरगाळून मला खाली बसवलं आणि माझा पंजा जबरदस्तीनं पोरीच्या कुल्ल्यांखाली सरकवला. तिनं माझ्या मानेत नखं रोवली. पाणी थंडगार होतं. तिच्या फोडांवरून ते जसजसं फिरायला लागलं तसतसं रडणं हुंदक्यांवर आलं, आणि हुंदके लांबत गेले.

तिनं मान खाली घालून पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एक हात माझ्या मानेतून सोडवला, दुसरा नाही, आणि पाण्यावर थाड्कन पंजा मारला. सगळं पाणी जाऊबाईंच्या ओरबाडलेल्या गालावर उडालं. ते चांगलंच झोंबलं असावं. त्यांनी तिला अशी सणसणीत शिवी हासडली की आज तिच्या लेकरांसमोर मला ती लिहिता येत नाही.

पोरीनं नीट ऐकून घेतलं, आणि परत मारलं.